आवराबाईंचा ग्रुप

कॉलेजचं ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली की ग्रंथपालबाई खुर्चीतून उठायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि साऱ्या वाचनकक्षाला उद्देशून एकच शब्द बोलायच्या, "आवरा." त्यात राग नसायचा, घाईही नसायची. पण तो शब्द पडला की हुज्जत घालून मिळवलेली खिडकीजवळची जागासुद्धा मुलं निमूट सोडायची. पोरांच्या कितीतरी तुकड्या हा शब्द ऐकत पदवीधर झाल्या आणि बाईंचं खरं नाव विसरून त्यांना आवराबाई म्हणू लागल्या. बाईंना हे ठाऊक होतं. मनातून आवडायचंही, कारण टोपणनाव ठेवायला माणूस आधी डोळ्यांत भरावा लागतो.

मुलं गेली की खरं आवरणं सुरू व्हायचं. टेबलावर राहिलेली पुस्तकं गोळा करायची, उघडी असतील ती मिटायची, पानांत खोचलेले कागदाचे कपटे उपसून टोपलीत टाकायचे आणि प्रत्येक पुस्तक आपापल्या खणात परत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी जो पहिला येईल त्याला टेबल कोरं करकरीत मिळालं पाहिजे, हा बाईंचा धर्म. ग्रंथालयाचे शिपाईमामा निवृत्तीला टेकलेले होते, त्यांना हा उत्साह काही झेपायचा नाही. "घरी कुणी वाट बघत नाही, म्हणून बाई पुस्तकांना निजवून मग निघतात," असं ते एकदा बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. बाई नुसत्या हसल्या. खोटं थोडंच होतं ते.

वाट बघणारे बाबा होते, ते गेले होते. आई फार लवकर गेली, बाईंच्या लग्नाचं जमता जमता राहून गेलं, आणि घरात बापलेक दोघंच उरले. बाबांना उतारवयात फोन मिळाला. त्यातलं त्यांना एकच जमलं, ते म्हणजे मेसेज पाठवणं. रोज दुपारी बाईंनी डबा उघडला की फोन वाजायचा: "जेवलीस का?" बाई "हो" एवढंच टाकायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. संध्याकाळी बसची वाट बघत उभ्या असताना त्या फोनही आवरायच्या. वाचून झालं, उत्तर देऊन झालं, मग ठेवायचं कशाला? तोच प्रश्न उद्या परत येणारच होता.

एके दिवशी तो आला नाही. बाबा दुपारच्या झोपेतून उठलेच नाहीत. सगळं आटोपलं, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि घर इतकं गप्प झालं की बाईंनी बाबांच्या मेसेजची खिडकी उघडून पाहिली. तिथे काही नव्हतं. धुतलेल्या पाटीसारखी ती खिडकी स्वच्छ होती. वर्षानुवर्षं रोज विचारलेला प्रश्न, आणि त्यातला एकही बाईंनी शिल्लक ठेवला नव्हता. ही गोष्ट त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. सांगणार कुणाला, आणि सांगायचं तरी काय, की मी फार टापटिपीची आहे म्हणून?

या फटक्यानंतर तरी माणसाने आवरणं सोडावं. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

इकडे ग्रंथालयातली मुलंही हळूहळू कमी होत चालली होती. पुस्तकात जे होतं ते त्यांच्या खिशात आलं होतं. संध्याकाळी "आवरा" म्हणायला कोपऱ्यात एखादा झोपलेला तेवढा मिळायचा. बाईंना रिकामं टेबल आवडायचं, पण दिवसभर माणसं बसून गेल्यावरचं. सकाळपासून रिकामं असलेलं टेबल बघवायचं नाही, ते घरी रोज बघावं लागायचं तेवढं पुरे होतं.

अशात प्राचार्यांनी बाईंना एका प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी ऑनलाइन गप्पांची नवी साधनं. आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांचे ग्रंथपाल एका सभागृहात जमले होते. जन्मभर इतरांना गप्प बसवत आलेली माणसं ती, प्रश्नसुद्धा कुजबुजत विचारायची. शिकवायला आलेला तरुण बिचारा प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान नेऊन नेऊन वाकडा झाला. पण त्याचं एक वाक्य बाईंनी गाठीला बांधलं. तो म्हणाला, "मुलं तुमच्याकडे येत नसतील, तर ती जिथे बसतात तिथे तुम्ही जाऊन बसा." कुणी नव्या पुस्तकांचे फोटो टाकायचं ठरवलं, कुणी पुस्तकातली पानं वाचून त्यांचे व्हिडिओ करायचं. बाईंनी ग्रुप काढायचं ठरवलं. वाचनकक्षच, पण फोनमधला.

पहिल्याच आठवड्यात मुलं भराभर आली. बाईंना वाटलं नव्हतं असं काही होईल. सकाळी उठून बघावं तर कुणीतरी "गुड मॉर्निंग बाई" म्हटलेलं असायचं. कुणी वेळापत्रक विचारायचं, कुणी कुठल्या पुस्तकाची नवी आवृत्ती आलीय का ते विचारायचं. बाई त्यांच्या पद्धतीने उत्तर द्यायच्या, "डावीकडून तिसरं कपाट, खालून दुसरा खण." मुलं हसरे चेहरे पाठवायची. कपाटापर्यंत कुणी यायचं नाही, ते सोडा. पण बाईंच्या एकटीच्या घरात सकाळ-संध्याकाळ फोन वाजत राहायचा, आणि पोळी लाटता लाटता हात पुसून त्या तो बघायला जायच्या. "बाई, तुम्हाला आता आमची गरज नाही," शिपाईमामा चिडवायचे. "तुमचं दुकान हवेत चालतं."

आणि ग्रंथालय बंद करताना बाई तोही वाचनकक्ष आवरायच्या. ग्रुप चालवणाऱ्याला सगळ्यांचं बोलणं सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतं, हे त्या तरुणाने शिकवलं होतं. शिवीगाळ झाली तर उपयोगी पडावं म्हणून शिकवलं होतं, पण बाईंनी आपल्याला हवं तेवढं घेतलं. आधी "आवरा" असं टाकायचं, मुलांचे हसरे चेहरे येऊ द्यायचे, मग सगळं पुसायचं. सकाळी पहिला येईल त्याला टेबल कोरं मिळालं पाहिजे. गुड मॉर्निंग आणि वेळापत्रकं पुसली गेल्याचं कुणाला दुःख असणार? मुलांना वाटलं, हे ॲपच असं आहे.

परीक्षा जवळ आली तेव्हा एक मुलगी ग्रुपवर बोलू लागली. एरवी ती कधी दिसायची नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, प्रश्न विचारला तर खाली बघणारी, म्हणून मुलं तिला मुकी म्हणायची. विषय गणिताचा होता. कुणीतरी वैतागून लिहिलं की अमुक प्रकरण डोक्यावरून जातंय, आणि मुकीने उत्तर दिलं. मग दुसऱ्याने शंका काढली. मुकीने हाताने आकृती काढून तिचा फोटो टाकला. तिसरा म्हणाला, मला अजून कळलं नाही, तेव्हा तिने तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली, स्वतःच्या आवाजात बोलून पाठवली. दुपार कलायला आली तरी ते थांबेना. बाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण टेबलाभोवती माना घालून बसलेली मुलं त्यांना दिसत होती, आणि त्या काउंटरमागे बसून एकट्याच आनंदाने फोनकडे बघत होत्या. बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी नेहमीसारखं "आवरा" टाकलं. "पाच मिनिटं बाई," असं पाच जणांनी लिहिलं. बाईंनी पाच मिनिटं दिली. मग त्यांनी मोठ्या मायेने ते सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मुकी ग्रंथालयात आली. कितीतरी दिवसांनी एक विद्यार्थिनी सरळ काउंटरशी येत होती, म्हणून बाई उभ्या राहिल्या.

"बाई, कालचं सगळं कुठे गेलं?"

"आवरलं मी. रोज आवरते ना."

"म्हणजे ॲप नाही पुसत? तुम्ही पुसता?"

"टेबल मोकळं नको का सकाळी? नव्याने बसणाऱ्याला बरं वाटतं."

मुलीचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "तुम्ही पुस्तक आवरता, तेव्हा ते कपाटात जातं," ती म्हणाली. "आमचं कुठल्या कपाटात गेलं?"

बाईंना जन्मात कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं कपाट सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "परत लिहिशील का? मी हात नाही लावणार."

"तेव्हा सुचलं होतं, बाई. सगळे एकदम विचारत होते म्हणून सुचलं. एकटीला बसून नाही सुचत." एवढं बोलून ती गेली. जाताना तिने दार हलकेच लावलं, ग्रंथालयात लावतात तसं.

त्यानंतर ग्रुपवर ओळी येऊ लागल्या. अमका ग्रुप सोडून गेला. अमकी ग्रुप सोडून गेली. बाई काउंटरवर बसून ते वाचत होत्या. भांडण नाही, टोमणे नाहीत, एकामागून एक उठून चाललेली मुलं फक्त. त्यांनी दुसरीकडे आपला ग्रुप काढला असणार, आणि त्यात बाईंना कोण घेतंय? बंद व्हायच्या वेळेला खिडकीभर तेवढ्या ओळी उरल्या. सवयीने बाईंचं बोट पुसायच्या बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

एक पोळलेलं माणूस दुसऱ्याला निखाऱ्यापासून सावध करतं म्हणतात. आपण काय केलं? रित्या पाटीकडे बघून कसं वाटतं हे आपल्यालाच पक्कं माहीत होतं, आणि तीच रिती पाटी आपण पोरांच्या हातात ठेवली. तीही मायेने. बाई काउंटरवर डोकं टेकून रडल्या. शिपाईमामांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवला नाही. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसून राहिले.

घरी जाण्याआधी बाईंनी ग्रुपवर लिहिलं: "मी चुकले. तुमचं बोलणं कचरा नव्हतं. इथलं यापुढे काही पुसणार नाही." वाचायला फारसं कुणी उरलं नव्हतं. ज्यांना सोडून जायचाही कंटाळा, असे चारदोन, आणि कशी कोण जाणे, मुकी. तिचं नाव अजून यादीत होतं. रागाच्या भरात ती सोडायचं विसरली असेल, अशी बाईंनी मनाची समजूत घातली.

परीक्षा होऊन गेली. दुपारी डबा उघडायची वेळ झाली की बाईंचा हात अजून फोनकडे जायचा. एकदा त्यांनी काय मनात आलं कोण जाणे, ग्रुपवर टाकलं, "जेवलात का?" टाकल्यावर त्यांनाच लाज वाटली. ग्रंथालयाच्या ग्रुपवर हा काय प्रश्न झाला? पण पुसणार नाही असा शब्द दिला होता, त्यामुळे तो तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. आणि मग रोज. उत्तर यायचं नाही. वाट बघत डबा थंड व्हायचा, आणि तेव्हा कुठे बाईंना कळायला लागलं की बाबा जेवणाबद्दल विचारत नव्हते. ते घरात एकटे होते, दुपार मोठी होती, आणि त्यांना कुणाचा तरी आवाज हवा होता. आपण त्यांना रोज एक "हो" देत होतो, दारावर आलेल्याला दाराच्या फटीतून द्यावा तसा.

ओळीखाली ओळ साठत गेली. सगळ्या बाईंच्याच. न आवरलेलं टेबल, पण बसणारं कुणी नाही. शिपाईमामांनी एकदा खांद्यावरून डोकावून पाहिलं. म्हणाले, "बाई, भिंतीशी किती दिवस बोलणार?"

"भिंत पडेपर्यंत," बाई म्हणाल्या.

एका दुपारी त्यांनी डबा उघडला, प्रश्न टाकला आणि पहिला घास घेतला. फोन वाजला. मुकीचं नाव होतं. लिहिलं होतं, "हो बाई. तुम्ही?"

बाईंनी घास खाली ठेवला. पहिला शब्द त्यांच्या ओळखीचा होता, तो त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं लिहिला होता. शेवटचा मात्र त्यांनी कधीच लिहिला नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी बाबांना विचारलं नव्हतं की, तुम्ही जेवलात का. मग त्यांनी लिहिलं, "आत्ता बसलेय," आणि डोळे पुसून जेवू लागल्या.