ड्रेसरबाबूंचा पहिला प्रश्न

ड्रेसरबाबूंनी माझ्याबद्दल काढलेला पहिला उद्गार मला उद्देशून नव्हताच. सकाळच्या गोंदिया-नागपूर गाडीत ते समोरच्या बाकावर बसले होते. डाव्या गालावर पांढरी पट्टी, मांडीवर रिपोर्टांची कापडी पिशवी. माझ्या डोक्यावरच्या स्कार्फकडे त्यांनी एकदा निरखून पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "बाई रवंथ करून राहिली का?"

मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भर डब्यात कुणी मला गाईच्या रांगेत उभं करावं आणि मी ऐकून घ्यावं, हे माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "काका, मला विचारा. मला तोंड आहे."

"तोंड हाये म्हनूनच त विचारून राहिलो. चालते का ते?" मग त्यांनीच समजावलं. "जनावर बिमार पडलं का आमी पह्यले हेच पाहतो. रवंथ चालू असन त घाबराचं नाही. बंद पडली त धावा."

दुसऱ्या केमोनंतर तीन दिवस माझ्या पोटात सरबताच्या घोटांपलीकडे काही गेलं नव्हतं, आणि नवऱ्यासमोर मी "जेवले की" म्हणून थापा मारत होते. ड्रेसरबाबूंनी पिशवीतून मुरमुऱ्यांची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "माहं तोंड दोन बोटांवर उघडत नाही. तू चाव, मी पाहतो." तुमसर येईपर्यंत मी मूठभर मुरमुरे खाल्ले, आणि हा अनोळखी माणूस माझ्या जबड्याकडे टक लावून बसला होता.

ते तीस वर्षं चिचगडच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. सरकारी कागदावर त्यांचं पद व्रणोपचारक. हा शब्द गावात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ड्रेसर. डॉक्टरची जागा बरेचदा रिकामी असायची, तेव्हा अडलेल्या गाई, पोट फुगलेल्या बकऱ्या, रानडुकराने फाडलेले बैल, सगळं यांच्याच हाताखालून जायचं. निवृत्तीनंतर त्यांनी गोंदियात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि वर्षभरात गालाच्या आत गाठ आली. कारण विचारलं तर लपवाछपवी नाही. "बैल गवताची रवंथ करते, मी तीस वर्षं तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची केली. बैल शहाना." नागपूरला ऑपरेशन झालं, विजेचा शेक झाला, गाठ परत आली. मग दवाखान्याने सांगितलं, आता घरी सेवा करा. ते जात होते फक्त पट्टी बदलायला.

माणसाकडे जनावराच्या रीतीने पाहणं त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. नमस्कार व्हायच्या आधी त्यांचा हात आपल्या कानाला लागलेला असायचा, कारण ढोराचा ताप कानावर कळतो. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचे. आणि खिशात ती फीत. गुराच्या छातीला गुंडाळली की एका बाजूला सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला वजन दाखवणारी. दर भेटीत ते ती बायकोच्या, म्हणजे काकींच्या, हातात द्यायचे, काकी माझ्या छातीला गुंडाळायच्या आणि हे पाठमोरे उभे राहून विचारायचे, "किती भरली?" मी वासराच्या रकान्यात बसायचे. एकदा दोन किलोंनी उतरले तर काकींवरच ओरडले, "फीत ढिली धर ना!" ढिली धरल्याने वजन वाढत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली आम्ही जमू लागलो. मी, बिड्या वळणाऱ्या सुमनबाई आणि भात गिरणीतले मुकादम मिश्राजी. सुमनबाईंना गर्भाशयाचा कॅन्सर, मिश्राजींना यकृताचा. प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी असायचं. गव्हांकुरांचा रस, हळदीच्या कॅप्सूल, लक्ष्मणफळाची वाळलेली पानं, कुणा पाहुण्याने सुचवलेली पावडर. एकमेकांना चाखवायचं, कुणाला काय पचलं ते सांगायचं. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर बायकांचं हळदीकुंकू वाटलं असतं. आतून आम्ही पुरात सापडलेल्या माणसांसारखे हाताला लागेल ते धरत होतो. सुमनबाईंची बोटं बोलतानाही हवेत बिडी वळत असायची. ती थांबली की मला भीती वाटायची.

मग मिश्राजींनी मोबाइलवर तो व्हिडिओ आणला. परदेशातला कुणी माणूस, डॉक्टरांनी आशा सोडलेला, कुत्र्याच्या जंताची गोळी खाऊन ठणठणीत झाल्याचं सांगत होता. मिश्राजींचे डोळे चमकत होते. "बाबूजी, ये तो आपके घर की चीज़ है।"

ड्रेसरबाबूंनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मोबाइल परत केला. "हे पोटातल्या किड्याची गोळी हाये. आपला किडा वेगळा. मी हजार बकऱ्यांले देल्ली, एकाही बकरीची गाठ गेली नाही."

पण पुढच्याच आठवड्यात मिश्राजींनाही दवाखान्याने घरी सेवा करायला सांगितलं. त्या रविवारी सहा फुटांचा तो माणूस अंगणात बसून ड्रेसरबाबूंचे पाय धरून रडला. "कुछ तो करने दो, बाबूजी। खाली हाथ मत मारो।" ड्रेसरबाबूंनी त्यांचे हात पायांवरून सोडवले. शेवटी म्हणाले, "पह्यले मी खातो. पंधरा दिवस. काही झालं त एक म्हतारं ढोर कमी झालं समजा." ते पंधरा दिवस खाऊन जिवंत राहिले, तेव्हा फितीने माप घेऊन मिश्राजींना आणि सुमनबाईंना गोळी सुरू झाली. सुमनबाईंचाही इलाज तोवर थांबलाच होता.

मला मात्र नाही. मी मागितली, रुसले, भांडले. माझी मुलगी दहावीत होती. दवाखान्यातून दिलेल्या औषधाने गाठ कमी होते आहे, असं डॉक्टर म्हणत होते, पण मला 'कमी' नको होतं, मला 'गेली' हवं होतं. ड्रेसरबाबूंनी एकच धरून ठेवलं. "तुयी गाडी अजून चालू हाये. चालत्या गाडीतून कायले उडी मारतेस? आमची गाडी गेली, म्हनून आमी पायी निघालो." मी म्हटलं, तुम्हाला मिश्राजी आवडतात, मी नाही. लहान मुलासारखं बोलले. ते फक्त म्हणाले, "रवंथ कर. तुयं औषध तेच."

सुमनबाई पोळ्याच्या आधी गेल्या. उरलेली गोळी कुणी घरात ठेवायची नाही, लेकरांच्या हाती लागते, असा ड्रेसरबाबूंचा नियम होता. म्हणून सुमनबाईंचा नवरा दिवसकार्य उरकून पिशवी परत द्यायला आला. ड्रेसरबाबू पट्टीसाठी नागपूरला गेले होते, काकी नळावर होत्या आणि दारात मी उभी होते. त्या माणसाने पिशवी माझ्या हातात दिली आणि रिक्षा वळवून गेला. कॅप्सूल आणि पानांची पुडी मी काकींना दिली. गोळ्यांची दोन पाकिटं माझ्या पर्समध्ये गेली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मेलेल्या बाईची औषधं मी चोरली आणि देवघरात, नैवेद्याच्या साखरेच्या डब्यामागे ठेवली. खाताना ना माप, ना फीत. केमोच्या आठवड्यात तर दुप्पट खायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी घेरलं की गाठ पळेल कुठे. असा हिशेब चौथीतल्या पोराने केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तीन आठवड्यांनी दवाखान्यात रक्त तपासलं तर यकृताचे आकडे भलतेच वर गेलेले. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलायचे. म्हणाले, केमो थांबवावी लागेल, रोग यकृतात पसरला असावा, तसं असेल तर ऑपरेशनचा विचार सोडावा लागेल. पुढच्या सोमवारी सोनोग्राफी करून ठरवू. मी तोंड उघडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला वाटलं, सांगितलं तर हाकलून देतील. नाही सांगितलं तर मरेन, पण निदान अब्रूने मरेन. परतीच्या गाडीत नवरा खिडकीकडे तोंड करून रडत होता आणि मी त्यालाही काही सांगितलं नाही.

रविवारी ड्रेसरबाबूंनी सवयीने माझी पापणी ओढली आणि हात तसाच राहिला.

"कोनती गोळी खाल्ली?"

"कोणती नाही."

"मास्तरीन, पिवळी झालीस तू. सुमनची पिशवी कोनापाशी देल्ली होती तिच्या नवऱ्यानं?"

"मी नाही खाल्ली," मी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ते गाडीत आमच्या समोर बसले होते. त्यांची पट्टीची तारीख गुरुवारची होती. वाटभर रवंथीचंही विचारलं नाही. दवाखान्यात माझं नाव पुकारलं तसे माझ्या पाठोपाठ आत शिरले आणि डॉक्टरांपुढे चप्पल काढून उभे राहिले. गालातून शब्द नीट फुटत नव्हते, तरी मोठ्याने बोलले. "साहेब, मी ढोराचा ड्रेसर. हिले मी बकरीची जंताची गोळी देल्ली. लिव्हर त्यानं खराब झालं असन. बाईचा काही कसूर नाही."

डॉक्टरांना आधी समजलंच नाही. मग समजलं. दार उघडं होतं, बाहेर बाकांवर पन्नास माणसं. खुनी आहात तुम्ही, म्हणाले. पोलिसांत देतो, म्हणाले. जनावरांना औषध देणाऱ्याने माणसाला हात लावायची हिंमत कशी केली, म्हणाले. ड्रेसरबाबू मान खाली घालून "हो साहेब, हो साहेब" करत राहिले. नवरा त्यांच्या अंगावर धावून गेला. आणि मी, जी मुलांना रोज खरं बोलायला शिकवते, ती मी स्टुलावर गप्प बसून राहिले. माझ्या जिभेला कुणी टाका घातला नव्हता. मी फक्त भित्री होते.

सोनोग्राफी स्वच्छ निघाली. गोळ्या बंद झाल्या, यकृत हळूहळू ताळ्यावर आलं, केमो पुन्हा सुरू झाली आणि नंतर ऑपरेशनही झालं. गोळीचं कळलं नसतं तर केमो थांबलेली तशीच राहिली असती, हे त्याच डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं.

त्या दिवशी बाहेर पडताना, नवरा औषधं आणायला गेला तेव्हा, मी ड्रेसरबाबूंना विचारलं होतं, "काऊन केलं असं?" त्यांची बोली माझ्या तोंडी पहिल्यांदाच आली. ते चपलेत पाय घालत होते. "साहेब तुयावर चिडला असता त तुयं नुकसान. माह्यावर चिडला त काय होते? मी आता कोनाचा पेशंट हावो?"

गोष्ट आमच्याआधी गोंदियाला पोहोचली. ज्या गल्लीत त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचे तिथे लोक त्यांना पाहून दारं लावू लागले. मुनग्याखालचं जमणं बंद झालं. मिश्राजी दिवाळीनंतर गेले. गोळीने त्यांना एक दिवस जास्त दिला असेल असं मला वाटत नाही. फक्त रिकाम्या हाताने गेले नाहीत, एवढंच. नवऱ्याने मला त्या घरी जायला बंदी केली आणि मी ती पाळली, कारण ती मला सोयीची होती.

मी गेले ते डोक्यावर पुन्हा केस उगवल्यावर, फेब्रुवारीत. काकींनी दारात "जय भीम, मॅडम" म्हटलं आणि बाजूला झाल्या. एक शब्द टोचून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ड्रेसरबाबू खाटेवर होते. नाकात नळी, गालावर पट्टी नव्हे तर अर्धा चेहरा झाकणारं फडकं. बोलणं संपलं होतं. मी खाटेजवळ बसले आणि जे इतके महिने गिळलं होतं ते बोलायला सुरुवात केली. "बाबू, नवऱ्याला आज सांगणार आहे. डॉक्टरांनाही. त्या गोळ्या मी..."

त्यांनी हात वर केला. बास. मग तो हात माझ्या कानाला लावला. मग खालची पापणी ओढून पाहिली. मग चार बोटं आणि अंगठा जुळवून उघडमीट केली, एकदा, दोनदा, जबडा हलतो तशी, आणि भुवया उंचावल्या.

मी म्हटलं, "हो बाबू. करते."

त्यांना माझा भरवसा नव्हता, आणि का असावा? त्यांनी काकींकडे पाहिलं. काकींनी ताट आणलं. भात, लाखोळीची डाळ, मुनग्याच्या शेंगांची भाजी. त्या घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नसेल. ज्याच्या घशाखाली थेंब उतरत नाही त्याच्यासमोर मी जेवू कशी? मी ताट सरकवलं. त्यांनी बोटाने ते परत माझ्याकडे ढकललं.

मी जेवले. रडत जेवले, पण सगळं जेवले, शेंगा चोखून चोथा ताटाच्या कडेला ठेवला. ड्रेसरबाबू कुशीवर वळून माझ्या जबड्याकडे पाहत होते, त्या गाडीत पाहत होते तसेच. शेवटचा घास गिळला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि काकींना हाताने सांगितलं, तिला अजून वाढ.