गंगम्माने आवाज न काढता विचारलं

गंगम्माचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू होतो. पाण्याचा दिवस असेल तर त्याच्याही आधी. आमच्या गल्लीत नळाला चार दिवसांनी पाणी येतं आणि तिच्या घरावर टाकी नाही. पिंप, घागरी, बादल्या आणि शेवटी पातेली भरून ती साडेपाचला घर सोडते. सहाला शाळेचं फाटक उघडते, चौदा खोल्या झाडते, सव्वासातला पहिली घंटा देते. नऊ वर्षांत ती उशिरा गेल्याचं मी पाहिलं नाही.

त्याआधी बावीस वर्षं ती आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरत होती, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळत होती. मी तिथे जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की नीट करणारा. कांडी सैल भरली की विणताना सूत अडकतं आणि कापडात दोष येतो. अशी कांडी परत आली तर जिने भरली तिनेच ती उलगडायची आणि पुन्हा भरून द्यायची. त्या वेळेची मजुरी नाही. आमच्याकडे रिवाजच तसा होता, आणि कुणी त्यावर भांडत नसे. गंगम्माच्या फार थोड्या कांड्या परत आल्या. कारखाना बंद पडल्यावर ती माध्यमिक शाळेत कंत्राटावर सेविका म्हणून लागली.

त्या शाळेचा एक नियम आहे. मूल सलग तीन दिवस आलं नाही तर तिसऱ्याच दिवशी कुणीतरी त्याच्या घरी जायचं. कागदावर हे काम वर्गशिक्षकाचं. जाते गंगम्मा. तिला तेलुगू येतं, कन्नड कळतं, आणि कुठल्या घरात कुठल्या वेळी चार शब्द बोलता येतील हे ठाऊक असतं. मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं असं, की तिसऱ्या दिवशी गेलं तर मूल रुसलेलं सापडतं आणि महिन्याने गेलं तर कामाला लागलेलं.

गेल्या वर्षी जुलैत नववीतली संस्कृती म्याकल सोमवारी आली नाही, मंगळवारी आली नाही, बुधवारी आली नाही. त्याआधी वर्गात तिचं नीट चाललेलं नव्हतं. संगमेश सर तिचे वर्गशिक्षक. ते फळ्यावर लिहिता लिहिता मजकूर सांगायचे, आणि संस्कृतीच्या वहीत अर्ध्या ओळी कोऱ्या राहायच्या. एक विचारलं तर ती दुसरंच उत्तर द्यायची आणि वर्ग हसायचा. घरची भाषा तेलुगू, मराठी कच्चं, असा सरांनी अंदाज बांधला. मराठी कच्चं असलेल्या मुलांना ते मागच्या बाकांवर वेगळी वही देऊन बसवत, तसं तिलाही बसवलं. सर वाईट नाहीत. एका वर्गात बासष्ट मुलं होती.

बुधवारी दुपारी गंगम्मा तिच्या घरी गेली. खाली चार माग, वर दोन खोल्या. चारही माग चालू होते आणि संस्कृती कांडी मशीनवर बसली होती.

चालत्या मागांमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून मागावरची माणसं ओठ बघून बोलतात. आवाज काढायचाच नाही, तोंड मोठं हलवायचं आणि हाताने खूण करायची. तिथे वाढणाऱ्या मुलांनाही ते आपोआप येतं. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

गंगम्माने तसंच विचारलं. शाळेत का येत नाहीस? संस्कृती म्हणाली, सगळे हसतात. पोट दुखतं का? नाही. घरी कुणी मारतं का? नाही. सगळ्या प्रश्नांना तिने नीट उत्तरं दिली. मग तिच्या बापाने, अंबादासने, एक माग थांबवला आणि सांगितलं की शनिवारी तो शाळा सोडल्याचा दाखला काढणार आहे. पोरगी कांडीवर चांगली बसते. तिथे मान खाली घालून उभी राहण्यापेक्षा इथे बरी.

गुरुवारी गंगम्माने सरांना सांगितलं की पोरगी हुशार आहे, तब्येत ठीक आहे, फक्त मन लागत नाही. सरांनी वहीत नोंद केली: घरी भेट दिली, अडचण नाही.

शुक्रवारी संस्कृती वाचनालयाची पुस्तकं परत करायला आली. वर्ग चालू होते, वऱ्हांडा रिकामा होता. ती सूचना फलकासमोर उभी होती आणि गंगम्मा तिच्या मागे फरशी पुसत होती. बादलीची कडी निसटली, बादली पायरीवरून खाली गेली. समोरच्या वर्गातली मुलं दचकून बाहेर बघायला लागली. संस्कृती फलकच वाचत राहिली.

गंगम्माने हाक मारली. दोनदा. मग अगदी पाठीशी जाऊन तिसऱ्यांदा. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा पोरगी दचकली आणि वळून बघायला लागली. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

मागांच्या गोंगाटात जिला सगळं कळत होतं, तिला शांत वऱ्हांड्यात काही कळत नव्हतं.

गंगम्मा तशीच ऑफिसकडे गेली. मुख्याध्यापिका बाई बैठकीला गेल्या होत्या, त्या शनिवारीच येणार होत्या. सरांचे तास संपून ते निघून गेले होते. क्लार्कने दाखला लिहून ठेवला होता. फक्त सही बाकी होती, आणि अंबादास शनिवारी दहाला येणार होता.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. अंबादास माझ्या हाताखाली माग शिकलेला. ती म्हणाली, उद्या तुम्ही नुसते येऊन बसा. मी गेलो.

शनिवारी ऑफिसात बाई, संगमेश सर, अंबादास आणि मी होतो. संस्कृती दाराजवळ उभी होती. दाखला टेबलावर होता. अंबादास म्हणाला, अर्ज लिहून दिला आहे, आता सही करा, माग बंद ठेवून आलो आहे. बाईंनी पेन उघडलं.

गंगम्मा चहा घेऊन आली होती. तिचं कंत्राट पुढच्याच महिन्यात नवं व्हायचं होतं, आणि ते बाईंच्या शिफारशीवर. सेविकेने त्या खोलीत मध्ये बोलायचं नसतं. तिने ट्रे कपाटावर ठेवला.

"मॅडम, सही करायच्या आधी एक बघायचं हाय."

सर म्हणाले, "गंगम्मा, परवा तुम्हीच म्हणालात की काही अडचण नाही."

"म्हणले. चुकलं माझं."

तिने संस्कृतीला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. मग अंबादासला सांगितलं, पोरीला हाक मार. हळू मार.

"आमच्या घरात हळू कोण बोलतंय, अक्का?" अंबादास हसला. तरी त्याने हाक मारली. संस्कृती हलली नाही. त्याने पुन्हा मारली. मग तो चिडला, मुद्दाम करते म्हणाला, आणि घरी ओरडतात तसा ओरडला. शेजारच्या वर्गातला आवाज बंद झाला. संस्कृती वळली.

"बघा. येतंय की ऐकू."

बाईंनी सरांकडे पाहिलं. बाईंचं पेन दाखल्यावरच होतं. मला वाटलं, संपलं.

गंगम्मा म्हणाली की सरांनी बासष्ट पोरांसमोर असं ओरडून शिकवायचं का. अंबादास उठून उभा राहिला.

"बहिरी म्हणायचं हाय का माझ्या पोरीला? एकदा शिक्का बसला की जाईल का तो? उद्या तिचं लग्न तुमी करनार हाय?"

गंगम्मा संस्कृतीच्या समोर चार हातांवर जाऊन उभी राहिली आणि तोंड हलवलं. घशातून आवाज काढला नाही. पंखा फिरत होता, त्याचा तेवढा आवाज.

"तिन्नानु," संस्कृती म्हणाली.

सरांनी विचारलं, काय म्हणाली? बाईंनाही कळलं नव्हतं. गंगम्माने विचारलं होतं, अन्नं तिन्नावा, म्हणजे जेवलीस का. पोरीने सांगितलं, जेवले. मला कळलं होतं. अंबादासलाही कळलं होतं. आम्हा दोघांना त्यात काहीच वेगळं वाटलं नाही, आणि सर-बाई आमच्याकडे बघत होते.

तेव्हा मी एकच वाक्य बोललो. "अंबादास, आवाज कुठं होता?"

तो खाली बसला. म्हणाला, "घरात सगळे ओरडूनच बोलतो, जॉबर. कसं कळनार?"

बाईंनी दाखला ड्रॉवरमध्ये ठेवला. आठ दिवस देते, म्हणाल्या. कान तपासून या. त्यानंतरही दाखला हवा असेल तर सही करीन.

सरकारी दवाखान्यात दोन दिवस रांगेत गेले. अंबादासने दोन्ही दिवस माग बंद ठेवले, हे मी त्याच्या बाजूने लिहितो. डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, उजवा जास्त. लहानपणी कान वाहायचा, त्यात मागाचा आवाज. एकच कारण सांगता येणार नाही. पण पोरगी कांडी मशीनवर बसली तर उरलेलंही जाईल, हे त्यांनी नक्की सांगितलं. कानाचं मशीन लावलं तर वर्गात चालेल.

पुढच्या शनिवारी तो शाळेत आला. बाईंनी ड्रॉवर उघडला. त्याने दाखला मागितला नाही. आपला अर्ज परत मागितला, चार घड्या करून खिशात घातला आणि मागावर गेला. सोमवारी संस्कृती पहिल्या बाकावर बसली. संगमेश सर आता आधी लिहितात, मग वर्गाकडे वळून बोलतात. ही सवय लागायला त्यांना महिना लागला. मागच्या बाकांवर बसवलेल्या बाकीच्या मुलांचेही कान त्यांनी तपासून घेतले. त्यांतल्या एकाला कमी ऐकू येत होतं.

राहिलं मशीन. सरकारी मशीन मिळणार होतं, पण यादीत नाव लागायला सहा-सात महिने, आणि सहामाही परीक्षा ऑक्टोबरात. एका कानाचं अंबादासने जमवलं. दुसऱ्या कानाचं जमत नव्हतं.

गंगम्मा तीन वर्षं पगारातून टाकी आणि मोटरीसाठी पैसे बाजूला टाकत होती. ते तिने काढले. मी तिला सांगितलं की हे तुझं काम नाही, शाळेने बघावं, बापाने बघावं. तुला पाण्यासाठी पहाटे उठावं लागतं.

ती घागरी उपड्या घालत होती. हात थांबवला नाही.

"मी तिच्या घरी गेले, समोर बसले, आन् काय न्हाय म्हणून परत आले. ती कांडी माझी हाय, जॉबर."

मी उरलेल्या घागरी उपड्या घालायला लागलो.

सात रस्ता चौकातल्या दुकानातून दोन मशीनं आली. डाव्या कानाचं अंबादासचं. उजव्या कानाचं गंगम्माच्या पगाराचं.