कंपाससर पुन्हा वर्गात

फळ्यासमोर लांब पाय फाकवून उभं राहायची सवय होती, म्हणून मुलं गणिताच्या सरांना कंपाससर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. पन्नाशी उलटल्यावर विशेष आणि समावेशक शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायची मात्र त्यांना काडीची हौस नव्हती. पण अपंग मुलांनाही इतरांसोबत एकाच वर्गात शिकवायचं शाळेनं ठरवलं, आणि त्यासाठी आधी कुणीतरी शिकून यायला हवं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं तेव्हा बाकीचे शिक्षक खिडकीबाहेर बघत होते. सर चष्मा पुसत होते. चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत घोंगडं गळ्यात पडलेलं होतं.

घरी बायकोची हसून हसून पुरेवाट झाली. लेकीनं आपली कॉलेजातली जुनी सॅक काढून दिली आणि मागच्या बाकावर बसू नका, असं बजावलं.

सर मागच्याच बाकावर बसले. शेजारी रेडिओवर निवेदन करणारी तिशीतली एक बाई होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. ती पुस्तकं फोनवर ऐकायची, तीही अशा वेगानं की सरांना नुसती गिरणी चालल्याचा भास व्हायचा. सरांनी भल्या मनानं धडा वाचून दाखवायला घेतला. तिनं अर्धं पान ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तुमचं पान संपेतो माझं प्रकरण संपतं, तेव्हा तुमचंच काही अडलं तर मला विचारा.

सरांचं बरंच अडायचं. मानसशास्त्राच्या जाड पुस्तकात त्यांचं घोडं पानोपानी पेंड खायचं. ती ते समजावून द्यायची आणि सर तिला संख्याशास्त्र शिकवायचे. दोघांची चांगली गट्टी जमली.

मग आला पाठ घेऊन दाखवायचा दिवस. सरांनी त्रिकोणाचं क्षेत्रफळ निवडलं. हा तर त्यांचा हातखंडा. वर्गातल्या सगळ्यांना चौरस कागद वाटून ते फळ्याकडे वळले आणि म्हणाले, "कागद असा दुमडा. आता ही बाजू इथे आणा."

थोड्या वेळानं एक कागदी विमान सरांच्या कानावरून गेलं. वर्ग खदखदला. निवेदिका शांतपणे बसली होती.

"सर, तुम्ही 'असा' म्हणालात," ती म्हणाली. "मला 'असा' जमला."

सर हसले खरे, पण ते मनाला लागलं. इतकी वर्षं मागच्या बाकांवरून किती मुलांना तो 'असा' दिसलाच नसेल, हा विचार काही केल्या जाईना. त्या दिवसापासून जेवणं झाली की ते बायकोला डोळे मिटायला लावून कागद दुमडायला सांगत. सुरुवातीला चोळामोळाच व्हायचा. बायको म्हणायची, की लग्नापासून एवढं सविस्तर तुम्ही कधी बोलला नव्हता. हळूहळू शब्द नेमके झाले: खालचा उजवा कोपरा उचला, वरच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवा, मधली घडी नखानं दाबा.

अंतिम पाठ त्यांच्याच शाळेत सहावीच्या वर्गावर झाला. परीक्षकांशेजारी निवेदिकाही कागद घेऊन बसली. या खेपेला तिचा त्रिकोण सर्वांआधी झाला. पण सर बघत राहिले ते दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीकडे. तिचे डोळे उत्तम होते, पण गणित म्हटलं की पोटात दुखायचं. तिनं घडीवरून दोनदा बोट फिरवलं.

"म्हणजे त्रिकोण चौरसाच्या निम्मा," ती हळूच म्हणाली. "एवढंच होतं होय?"

सरांनी तिला पुन्हा तेच म्हणायला लावलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

निकालात निवेदिका पहिली आली आणि सर बऱ्यापैकी पास झाले. मुख्याध्यापिकाबाईंनी खूश होऊन त्यांना वेगळी खोली देऊ केली; 'विशेष कक्ष' अशी पाटीही रंगवून घेतली. सरांनी हात जोडले. "बाई, सगळ्यांना एकत्र बसवायचं शिकून आलोय," ते म्हणाले, "आता मलाच वेगळं कुठे बसवता?"

बाईंना ते पटलं. नव्या वर्षी न दिसणारी दोन आणि एका जागी न टिकणारं एक अशी तीन मुलं सरांच्या नेहमीच्या वर्गात आली, आणि वर्गात पूर्वीपेक्षा जरा जास्तच गोंगाट सुरू झाला. त्या रिकाम्या खोलीत शिक्षकांनी कॅरम मांडला.