वहिनींचा हात बसलेला नाही

आमची गाडी गोलचक्कराच्या कठड्यावर चढली आणि मुलीच्या ओठाला टाके पडले, त्यात बायकोची काही चूक नव्हती. हे मला कळून बराच काळ झाला. अजून कुणालाच सांगितलेलं नाही; बायकोलाही नाही.

गाडी जुनी घेतलेली. चंडीगडात आम्हा मराठी मंडळींत तशी रीतच आहे. हवाईदलातल्या कुणाची बदली झाली की त्याचा कूलर, फ्रीज, गाडी इथे राहणाऱ्या कुणाकडे तरी जाते. माझा जिवाभावाचा मित्र असाच बदली होऊन निघाला, तेव्हा किल्ली हातात ठेवत म्हणाला, "बाहेरच्याला देत नाहीये, तुला देतोय." मी विद्यापीठात शिकवतो, गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. आपल्या माणसाची गाडी म्हणून मेकॅनिकलाही दाखवली नाही.

चालवायची बहुतेक बायकोच. डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात ती तपासणी विभागात आहे. काही दिवसांतच म्हणाली, "अहो, वळताना मध्येच स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. लगेच सुटतं, पण होतं."

मी मित्राला फोन लावला. तो हसला. "यार, मी इतकी वर्षं चालवली. लोण्यासारखी आहे. वहिनींचा हात बसलेला नाही अजून."

हे मी तिला जसंच्या तसं ऐकवलं.

"आमच्याकडे एका गोळीत खोट निघाली तर मी अख्खा माल थांबवते," ती म्हणाली. "मला उगाच भास होत नाहीत."

"गोळ्या वेगळ्या, गाडी वेगळी," मी म्हणालो. वर हसलोही.

मग एका दुपारी मुलीला शाळेतून आणताना चाक वळलंच नाही. मागे बसलेली मुलगी पुढच्या सीटवर आदळली. इस्पितळात सुजलेल्या ओठांनी ती आईला म्हणाली, "मम्मा, अब आप मत चलाना. पापा चलाएँगे." बायकोने मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

दोन दिवसांनी तिने स्वतःहून मित्राला फोन केला. "भाऊजी, तुमची गाडी ठोकली हो मी." स्पीकरवर त्याचा आवाज आला, "अहो वहिनी, मनाला लावून घेऊ नका. होतं असं."

पत्रा ठोकून घेतला, बंपर बदलला. स्टिअरिंग बघा, असं तेव्हाही मी कुणाला म्हणालो नाही. मला कधी ते जड लागलं नव्हतं.

पुढे सर्व्हिसिंगला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने चेसिस नंबर टाकला. "सरजी, इसका तो रिकॉल है. स्टीयरिंग की मोटर. चलते-चलते बंद हो जाती है. फ्री में बदल देंगे."

"हमें किसी ने बताया क्यों नहीं?"

"बताया था जी. रिकॉर्ड में पुराने मालिक का नंबर है. वो बोले, गाड़ी तो बेच दी."

तो फोन कधी गेला होता, तेही त्याने पाहून सांगितलं. माझ्या फोनच्या आधी. म्हणजे मित्र लोण्यासारखी आहे म्हणून हसला, तेव्हा त्याला माहीत होतं. का लपवलं असेल त्याने? गाडी परत घ्यावी लागेल म्हणून? की इतकं काही होणार नाही असं वाटलं म्हणून? मी त्याला विचारलं नाही. नुसते त्याचे फोन घ्यायचे बंद केले.

घरी येऊन सांगितलं, "सर्व्हिसिंग झालं."

माझा अबोला बायकोच्या लक्षात आला. "गाडी मी ठोकली, आणि तुम्ही भाऊजींवर राग धरलाय! त्यांनी किती मोठ्या मनाने घेतलं." तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण मित्राचं खोटं सांगायचं, तर तिच्या शब्दापेक्षा मी ते खोटं खरं मानलं, हेही सांगावं लागलं असतं.

तिने पुन्हा स्टिअरिंगला हात लावलेला नाही. कारखान्याच्या बसने जाते. बस चुकली की मी सोडतो. शेजारी बसून म्हणते, "माझ्यामुळे तुम्हाला हेलपाटा." मी म्हणतो, "असू दे, होतं असं." परवा हे बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की हे त्याचेच शब्द आहेत, जवळजवळ त्याच सुरातले.

त्याने मला फसवलं, हे खरं आहे. तिला मात्र तेव्हापासून रोज मी फसवतो आहे.

चूक तुझी नव्हती, तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही, एवढं मला तिला सांगायचं आहे, आणि तेही मुलीसमोर. अजून सांगितलेलं नाही.