आमच्या आधी खोली बघून जाणारा म्हातारा

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. उलट ज्यांचा होता त्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, आणि त्यात पहिला नंबर माझ्या सासूबाईंचा. लग्न होऊन मी पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीवर आले तेव्हा सातवी पास होते. अख्ख्या वाडीत माझ्याएवढी शिकलेली बाई नव्हती आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू दिली नाही.

आमच्याकडे घर बांधा, गोठा बांधा, विहीर खणा... आधी जागेवाल्याला नारळ. जागेवाला म्हणजे त्या जमिनीचा जुना राखणदार. माणसांची नावं सातबाऱ्यावर असतात, त्याचं कशावरच नसतं, पण त्याला विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही. सासूबाई नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायच्या आणि मी मागून पदरात तोंड खुपसून म्हणायचे, "पावती मागून घ्या हो." अशी मी. आज मला तशी सून मिळाली असती तर... जाऊ दे. माझी सून चांगली आहे.

तर ही हकिगत ह्याच उन्हाळ्यातली. ठिकाण महाड. वेळ भर दुपारची — अंधार, पौर्णिमा, कुत्र्याचं रडणं, यातलं काही नाही.

माझा मुलगा संतोष तिथल्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर आहे. तो, सून सुरेखा, नात तन्वी आणि मी, असे चौघं एस.टी. डेपोमागे एका खोलीत भाड्याने राहत होतो. वाडीवर घर आहे की, पण वरच्या डोंगराला भेग गेलीय. पाऊस लागला की नोटीस येते, खाली उतरा म्हणून. खाली उतरून कुठे जायचं ते नोटिशीत नसतं. तर महाडातला अकरा महिन्यांचा करार संपला आणि मालक म्हणाला, खोली कंपनीच्या पोरांना द्यायचीय. पाच पोरं, पाच खाटा, माणशी भाडं. आम्ही चौघं मिळून एक भाडं देणारे. त्याचं गणित मला सातवीतही जमलं असतं.

महिनाअखेरपर्यंत दुसरी खोली मिळाली तर ठीक. नाहीतर संतोष पोरांच्या खाटेवर, सुरेखा आणि तन्वी सुरेखाच्या माहेरी खेडला, आणि मी वाडीवर त्या भेगेखाली. तन्वीची यंदा दहावी. आम्हाला एका घरात ठेवील अशी एक खोली, बस, एवढंच पाहिजे होतं.

सुरेखा आणि मी रोज निघायचो. सोबत बाळू नावाचा एजंट, मोटारसायकल ढकलत.

"तळमजला दाखव रे," मी म्हणायचे. "तो स्वस्त असंल."

"आजी, आता तळमजला पण नाय स्वस्त."

"पावसाळ्यात नदी भाडं न देता राहायला येते तिथं. तिच्या वाटणीचे पैसे कापून दे."

बाळू हसायचा, पण भाडं कमी व्हायचं नाही. "काकी," तो सुरेखाला सांगायचा, "बाहेरून साहेबलोक येतात कंपनीत. त्यांना हे स्वस्त वाटतं. मग मालक आपल्यासाठी कशाला खाली येतील?"

पहिल्याच दिवशी, चवदार तळ्याकडच्या एका खोलीत, मला तो दिसला. कोपऱ्यात उकिडवा बसलेला म्हातारा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पायांना चिखल. मला वाटलं, आपल्या आधी कुणीतरी खोली बघायला आलंय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, पुन्हा तोच. तिसऱ्या खोलीतून आम्ही आत शिरताना तो बाहेर येत होता. मी बाजूला झाले, त्याला वाट दिली. सुरेखा म्हणाली, "आई, चक्कर आली काय?"

मी म्हटलं, नाही गो, त्या आजोबांना जायचं होतं.

"कुठल्या आजोबांना?"

मला वाटलं, पोरगी भाड्याच्या काळजीत आहे, लक्ष नसेल. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर तिच्यापेक्षा बरी आहे.

मग ती चौथी खोली. महाडच्या कडेला नवीन इमारत, नाव इंग्रजीत, पाणी दिवसाआड. पण ती इमारत जिथे उभी आहे ती जागा मला ठाऊक होती. चाळीसेक वर्षांपूर्वी आमचे हे मला तिथे घेऊन आले होते. भाताचं खाचर होतं. शेतवाला दोन गुंठे द्यायला तयार होता, तेव्हाच्या आमच्या ऐपतीतसुद्धा बसत होते. मी नवी साडी नेसून आले होते, टाच उंचावून बांधावर उभी राहिले, आणि नाक मुरडून म्हणाले, "शी, बेडकांच्या शेजारी कोण राहील? त्यापेक्षा माझं डोंगरावरचं घर बरं." हे बांधावरून खाली उतरले. शेतवाला हसला. ते दोघंही आता नाहीत. सातवी पास बाईने महाडात घर होण्याची आमची एकमेव संधी बेडकांना देऊन टाकली, ती अशी.

त्या चौथ्या खोलीची मालकीणबाई बरी निघाली. तन्वीच्या दहावीचं ऐकून म्हणाली, "फॅमिली असेल तर मला चालेल. थोडं खाली-वर करू." संध्याकाळी टोकन द्यायचं ठरलं. ती आणि सुरेखा गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेल्या, बाळू खाली फोनवर. खोलीत मी आणि... तो. कोपऱ्यात.

मी सरळ भिडले. "आजोबा, ही खोली आम्ही घेतली हां. तुम्ही रोज आमच्या आधी येऊन बसता."

"मी कुठनं येऊ? गावभर हिंडतो, पण ऱ्हातो हितंच," तो म्हणाला. "घर वरती चढत गेलं, मी त्येच्यासंगती." मग माझ्याकडे नीट बघून, "तू पयले आली व्हतीस ना गो? बेडकांच्या शेजारी कोण राहील म्हणालीस."

वाचकहो, आता ऐका. हे वाक्य मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. लाजेने.

मी खाली बसले. आणि विचारलं, "तुमचा शब्द चालतो काय इथं?"

"चालायचा," तो म्हणाला. "तवा नारळ येई. आता कोण इचारतो? देऊन बघ. सांगतो कुणाला तरी."

आता माझी अक्कल बघा. माणसांचा व्यवहार जवळजवळ पक्का झाला होता. पण आमच्या हाडात बसलेलं असतं, आधी जागेवाला, मग माणूस. ज्या बाईने सासूला पावतीवरून चिडवलं, ती जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ, हळद, कुंकू घेऊन आली. कोपऱ्यात ठेवला, पदर पसरला आणि सासूबाईंचे शब्द आठवतील तसे म्हटले. बा जागेवाल्या, माझ्या लेकराबाळांना इथं ऱ्हाऊ दे, एकत्र ऱ्हाऊ दे, तुला वर्साला नारळ देईन. नारळ फोडला. पाणी नव्या फरशीवर पसरलं, त्यात कुंकू.

आणि मालकीणबाई दारात उभी.

"हे काय करून ठेवलंत?"

"नारळ दिला गो बाई. जागेवाल्याला."

"कोण जागेवाला? नवीन जागा आहे माझी. कुंकू, नारळ, कोपऱ्यात... करणी करता काय माझ्या घरात?"

सुरेखाने सगळं समजावलं. आमच्याकडची पद्धत आहे, चांगल्यासाठीच करतात, म्हातारं माणूस आहे. बाई बिचारी वाईट नव्हती, घाबरली होती. कर्ज काढून घेतलेली जागा. म्हणाली, "मला रिस्क नको. मी कंपनीला देऊन टाकते." सुरेखाने घरी येऊन जेवण वाढलं. जेवताना फक्त म्हणाली, "आई, आणखी दोन तास थांबायचं होतंत."

नंतर बाळूकडून कळलं की बाईने गुरुजी बोलावून खोलीची शांत करून घेतली. कोपरे धुतले, होम केला.

महिना संपला. दुसरी खोली झाली नाही. संतोष एका खाटेवर गेला. तीही अर्धीच त्याची: रात्रपाळी करून आला की दिवसा तो झोपायचा, रात्री दुसरा पोरगा. तन्वीचा दाखला काढला. मायलेकी खेडच्या गाडीत बसल्या तेव्हा पोरगी खिडकीतून मला हसवायचा प्रयत्न करत होती, तेच जास्त लागलं.

पोलादपूरच्या गाडीला वेळ होता. मी डेपोच्या बाकावर पिशव्या घेऊन बसले. शेजारी कुणीतरी टेकलं. घोंगडं, काठी. पायांचा चिखल मात्र वाळून पांढरा झालेला.

"काढलं मला," तो म्हणाला. रागाने नाही, बातमी सांगावी तसं.

मी म्हटलं, "माझ्यामुळं."

"तुझ्यामुळं नाय. कवातरी काढणार व्हतेच." काठीने पायाचा वाळका चिखल खरवडला. मग विचारलं, "तुमच्या वाडीवर जागा हाय काय गो?"

मी आयुष्यात पुष्कळांना फाडकन उत्तरं दिली आहेत. याला मात्र हळू बोलले. म्हटलं, "नाय बाबा. आमचा डोंगरच फाटलाय. आम्हालाच तिथं राहू नका म्हणतात. मी जातेय ती पाऊस लागेपर्यंत."

त्याने मान हलवली. काठी टेकत उठला. आणि जाता जाता, सहज चौकशी करावी तसं म्हणाला, "मंग तुमच्या वाडीचा जागेवाला कुठं गेला?"

मी वळून बघितलं तर फलाटावर गर्दी होती आणि तो नव्हता.

डॉक्टरांनी बी.पी. बघितलं, ऊन लागलं असेल म्हणाले. संतोष म्हणतो, टेन्शनने होतं असं. असेल. बेडकांचं वाक्य त्या म्हाताऱ्याला कुठून कळलं, ते मात्र दोघांनाही सांगता येत नाही आणि मलाही. हे मी वाडीवरच्या घरातून लिहितेय. आल्यापासून रोज दुपारी घराचे चारही कोपरे बघते, मागच्या पडवीत बघते, गोठ्यात बघते. कुणीच दिसत नाही.