नागाचं सुतक

हंबीरराव आमच्या गल्लीत कुणालाच नको होता. मलाही नको होता. फौजेतून नाईक म्हणून सुटलेला हा शिराळ्याचा माणूस सांगलीत खोली घेऊन राहिला आणि वर्षभरात त्यानं निम्मी पोरं नादाला लावली. शनिवारी मारुतीची आरती, रविवारी सहल, उलट बोललं की पन्नास जोर. लोकांची पोरं म्हणजे काय पलटण? गुळाचे व्यापारी लालासाहेब तर त्याला हाकलायला टपलेलेच होते. त्यांचा सोळा वर्षांचा अर्जुना घरी बापाला जुमानायचा नाही आणि तिथं मुकाट देऊळ झाडायचा.

त्र्याहत्तरच्या नागपंचमीला हंबीररावानं पोरांना शिराळ्याला आपल्या भावाकडं नेलं. मडक्यातले जिवंत नाग दाखवले आणि घरची रीत सांगितली. धरलेला नाग पाहुणा, जिथून धरला तिथंच सोडायचा. दगावला, तर आणणाऱ्यानं घरचं माणूस गेल्यासारखं न्हाव्याकडून डोकं उतरवून घ्यायचं. अर्जुनानं सगळं ऐकलं आणि येताना एक मडकं पिशवीत घालून एसटीनं घरी आणलं. गल्लीत मिरवायचं होतं गाढवाला!

सकाळी आईनं झाकण उचललं आणि किंचाळली. लालासाहेबांनी काठीनं नाग ठेचला. मेलेला नाग काठीवर आणि पोरगा दंडाला धरून ते देवळात आले. मागोमाग आम्ही सगळे.

"हीच का रं तुझी भक्ती? आजच्या आज गल्ली सोडायची!"

"सोडतो," हंबीरराव म्हणाला. लालासाहेबांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "अर्जुना, कुनी आनला?"

"मी."

"मंग?"

मला त्या फौजीचा भयंकर राग आला. जाता जाता तरी पोराला मोकळं सोडायचं होतं.

अर्जुनानं नाग टॉवेलात गुंडाळला, कृष्णेच्या घाटावर नेऊन जाळला आणि न्हाव्यापुढं बसला. लालासाहेब धापा टाकत पोचले तेव्हा अर्धं डोकं उतरलं होतं.

"अरं, बाप जित्ता हाय तुझा! ऊठ, घरी चल."

"न्हाई येत. तितं मारलाय त्याला."

लालासाहेब ओरडले, मग हातापाया पडायच्या बेताला आले. पोरगा ढिम्म. शेवटी त्यांनी मागं वळून पाहिलं. हंबीरराव खांद्यावर ट्रंक घेऊन स्टँडकडं निघाला होता. त्याला हाक मारताना लालासाहेबांचा चेहरा बघवत नव्हता.

"जरा... सांगा की त्याला."

हंबीररावानं ट्रंक खाली ठेवली नाही.

"अर्जुना, डोकं पुरं झालं की घरी जायाचं."

"व्हय," अर्जुना म्हणाला. लालासाहेब तिथंच पायरीवर बसले आणि पोराचं डोकं पुरं व्हायची वाट बघू लागले.