बिनराखेचा वाफा

नाचणीला जव्हारकडे नागली म्हणतात. तिची भाकरी मला मनापासून आवडते, पण घरात ती केली की मी काहीतरी निमित्त काढून भातच खातो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याचे दात गेले. दात अजून शाबूत आहेत. खरं कारण मी आजवर कोणाला सांगितलं नाही, ते इथे लिहून टाकतो.

पुण्याला शेतकीचं शिक्षण पुरं करून मी जव्हार संस्थानात शेतकीच्या कामावर आलो, तेव्हा मला मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. ऐट मात्र अशी, की जमिनीला पीक द्यायला जणू मीच शिकवणार होतो. काम एकच होतं. लोकांचा राब बंद करता येतो का, ते प्रयोग करून पाहायचं. राब म्हणजे रोपाच्या वाफ्यावर झाडाच्या फांद्या, पातेरा, शेण आणि गवत यांचे थर रचून ते उन्हाळ्यात जाळायचे, आणि त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर नागलीचं किंवा भाताचं बी टाकायचं. फांद्यांसाठी दरसाल ऐनाची झाडं शेंड्यापर्यंत सोलून निघत. साखरशेत गावाकडे जाताना ती मांडवाच्या खांबांसारखी उघडी उभी दिसत आणि माझा संताप होई. तो संताप खोटा नव्हता, एवढं मला आजही म्हणायचं आहे. रान खरोखरच तुटत होतं.

साखरशेताच्या पलीकडे, ओढा ओलांडला की दहा-बारा झोपड्यांचा एक पाडा होता. तिथल्या एका शेतकऱ्याने मला वाफ्यापुरती जागा दिली. दोन वर्षांपूर्वी राबासाठी फांद्या तोडताना तो ऐनावरून पडला होता आणि त्याचा डावा पाय अधू झाला होता. तरी तसाच लंगडत झाडावर चढे. त्याची बायको खाली उभी राहून फांद्यांचे भारे बांधी आणि डोक्यावरून डोंगर उतरवी. झाडावर चढायचं काम सुटेल म्हटल्यावर त्याचे डोळे लकाकले. बायको सुपातलं धान्य पाखडत राहिली.

त्या दोघांचं बोलणं ऐकून पहिल्यांदा माझ्या कपाळाला आठी पडली होती. ती माणसं मला रावसाहेब म्हणत आणि त्याच दमात तू म्हणत. "रावसाहेब, तू बस. रावसाहेब, तुला पाणी देऊ?" त्यांच्या घरच्या बोलीत देवालाही तूच म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी मनातल्या मनात नाकाने कांदे सोलत होतो.

माझा प्रयोग सोपा होता. एका वाफ्यावर त्यांनी नेहमीसारखा राब भाजायचा. शेजारच्या वाफ्यात मी न जाळता कुजलेलं शेणखत आणि करंजाची पेंड घालणार. दोन्हीकडे बी एकाच दिवशी टाकायचं, रोपांची उंची मोजायची आणि लावणीनंतर दोन्हींचं पीक वेगळं तोलायचं. माझ्या वाफ्यात बी मी स्वतःच्या हाताने फेकलं. फेकण्याआधी ती बाई पुढे झाली आणि माझ्या मुठीतल्या बियाला हात लावून तिने नमस्कार केला. घरधनी हसून म्हणाला, "पाहुण्याच्या हातचं बी हाय ना, म्हणून." मी त्याची नोंद केली नाही. नोंदवहीत असल्या गोष्टींना रकाना नव्हता.

पाऊस लागला आणि आठ-दहा दिवसांत काय ते दिसू लागलं. राबाच्या वाफ्यात काळ्या मातीवर हिरवीगार नागली दाटून आली. माझ्या वाफ्यात रोपं पिवळी आणि विरळ, गवताचा मात्र गालिचा. जमीन भाजली नाही तर तणाचं बी मरत नाही, ही गोष्ट त्या पाड्यावरच्या पोराटोरांना ठाऊक होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यातच मला थंडीताप भरला आणि मला डोलीत घालून जव्हारला नेलं.

बारा दिवसांनी परत आलो तर माझा वाफा ओळखू येईना. तण नाही, रोपं टवटवीत, शेजारच्या वाफ्याच्या बरोबरीची. मी आनंदाने ओरडलोच. मग वाकून पट्टीने उंची मोजू लागलो आणि थांबलो. रोपं चिमटी-चिमटीने उभी होती, इथे तीन, वीतभर पलीकडे तीन. मी बी फेकलं होतं. फेकलेलं बी असं कधी उगवत नाही. शेतकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते कळलं असतं, आणि मी तर नोंदवही घेऊन हिंडणारा माणूस. मान वर करून पाहिलं तर राबाच्या वाफ्याचा एक कोपरा उपटून ओका पडला होता.

मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. स्वतःला म्हणालो, पेंडीचा गुण उशिरा लागला असेल. उंची मोजली, लिहून घेतली. पुढे लावणीच्या वेळी त्यांचं एक शेत रोपं कमी पडली म्हणून रिकामं राहिलं, तेव्हा अहवालात मी असंही लिहिलं की हे लोक आळशी आहेत, जमीन पडीक टाकतात. ते वाक्य आठवलं की आजही कानाच्या पाळ्या तापतात.

अहवाल वर गेला. आमच्या खात्याच्या वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली आणि माझ्या कागदाच्या नकला करवून घेतल्या. त्या हिवाळ्यात मी शिरपामाळावर पाहुण्यांना वारा खायला घेऊन जाई आणि खालच्या उघड्या ऐनांकडे बोट दाखवून, पाचेक वर्षांत ही झाडं पुन्हा कशी भरतील ते सांगे. मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

फाल्गुनात पाड्यावर गेलो. बाकी सगळे राबाच्या फांद्या तोडायला डोंगरात होते. आमचा घरधनी मात्र अंगणात आरामात दोर वळत बसला होता. म्हणाला, "औंदा राब नाय करायचा रावसाहेब. तुझ्यावानी शेण नि पेंड." मला गुदगुल्या झाल्या. पाणी प्यायला ओढ्याकडे गेलो तर त्याची बायको कळशी बाजूला ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. इतक्या दिवसांत ती माझ्याशी प्रथमच सरळ बोलली.

"रावसाहेब, तुझा वाफा मेला होता. आमच्या राबातली रोपं काढून मी लावली त्यात. गवत बी मीच काढलं."

"का पण?" मी विचारलं.

"पाहुण्याच्या हातचं बी आमच्या जमिनीत मेलं तर कणसरी रुसते घरावर. नि तू तापात पडलेला. परत येऊन मेलेला वाफा बघितला असतास तर लोक हसली असती तुला." कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. मग ती खाली बघून म्हणाली, "मना काय ठावं, तू ते कागदावर लिहिशील नि माझा माणूस राब सोडील. मी त्याला सांगलं खरं काय ते. तो बोलतो, तू खोटं बोलतेस, तुला भारे वाहायची सवय लागलीय. तू सांग त्याला. तुझं ऐकल."

मी सांगतो म्हणालो. तेव्हा सांगायचंच माझ्या मनात होतं. पण अंगणात पोचेपर्यंत वाटेत माझा अहवाल आठवला, नकला आठवल्या, शिरपामाळावरचे पाहुणे आठवले. आणि माझ्या आधी तोच बोलला. दोर खाली ठेवून, हसत हसत.

"ही बोलते, तुझा वाफा हिनं रोपं लावून उठवला. खरं काय रावसाहेब?"

ती कळशी डोक्यावर घेऊन त्याच्या मागे उभी होती. कळशीतलं पाणी तिच्या कानामागून ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मी म्हणालो, "छे! दोन-चार रोपं लावली असतील तिने. तेवढ्याने काय होतं? वाफा शेणखतानेच आला."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेली राहावी म्हणून मी एका बाईला तिच्या नवऱ्यासमोर, तिच्या अंगणात, खोटं पाडलं. तो मोठ्याने हसला. "बघ, मी बोललो नाय?" असं तिला म्हणाला, आणि उठून भिंतीवरचा फांद्या तोडायचा कोयता काढून शेजाऱ्याला देऊन आला. ती आत गेली. मला तिने पुन्हा कधी काही सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात मी पाड्यावर गेलो नाही. जव्हारला बसून मी कागद लिहीत होतो, कामं उकरून काढत होतो, आषाढातल्या पावसाला शिव्या देत होतो. पाय घराबाहेर पडत नव्हते कारण तिकडे काय झालं असेल ते मला पक्कं माहीत होतं. वेळेवर गेलो असतो तर निदान इकडून तिकडून रोपं मागून आणून देता आली असती. तेवढीही हिंमत माझ्यात नव्हती.

मार्गशीर्षात गेलो. सुगी होऊन महिनाही झाला नव्हता आणि त्यांची कणगी, म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली, गुडघ्याइतकीच भरलेली होती. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात टोपलीभर कडू कांदा, म्हणजे रानातला एक कंद, चकत्या करून बुडवून ठेवला होता. तो कडूपणा जाईपर्यंत धुवायचा आणि मग उकडून खायचा. लोक तो आषाढ-श्रावणात खातात, घरातलं संपल्यावर. मार्गशीर्षात खाणारं ते पाड्यावरचं एकच घर होतं.

घरधनी मला बघून धडपडत उठला. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. मी मनातून तयार होतो, कदाचित वाटच पाहत होतो. तो म्हणाला, "रावसाहेब, आमच्या हातनं तुझं नाव गेलं. गवत माजलं वाफ्यात, रोपं गेली. शेजाऱ्यांनी दिली मूठ मूठ, तेवढ्यावर अर्धं शेत लावलं." मग आत बघून आवाज चढवून म्हणाला, "हिनं शेण कच्चं टाकलं. तिनंच कबूल केलं. तू नीट सांगून गेला होतास, हिनं नास केला."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने शेण कच्चं टाकलेलं नव्हतं. ते त्या उन्हाळ्यात मीच खड्ड्यातून काढून दाखवलं होतं, चांगलं कुजलेलं, भुरभुरीत. गेल्या साली तिने माझा वाफा झाकला, आणि यंदा तिने मला झाकलं होतं. मी पाहुणा होतो ना अजून.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने माझ्यापुढे पानावर नागलीची भाकरी ठेवली. गरम होती, वर मिठाचा खडा आणि मिरची. त्यांच्या पानावर उकडलेला कडू कांदा होता. घरधनी म्हणाला, "जेव रावसाहेब." आणि मी जेवलो. उपाशी नव्हतो, जव्हारहून पोटभर खाऊन निघालो होतो. नको म्हणून बोलणं सुरू करायचा धीर नव्हता, म्हणून सगळी भाकरी खाल्ली.

घरी येऊन मी वरिष्ठांना सगळं खरं लिहिलं. चार दिवस लागले त्या एका कागदाला. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, प्रयोगात असं व्हायचंच असं म्हणाले आणि आधीचे आकडे खोडून नवे लिहायला सांगितले. पुढे मी राबावर बरंच काम केलं. झाड शेंड्यापर्यंत न सोलता आळीपाळीने खालच्याच फांद्या तोडायच्या, पातेरा जास्त घालायचा, असं ते पाड्यावरच्याच लोकांना विचारून विचारून ठरवलं. ते बऱ्यापैकी साधलं. लोक म्हणत, साहेब फार खरा माणूस, स्वतःची चूकसुद्धा लिहितो. कागदावर मी खरा झालो होतो. त्या पाड्यावर मात्र गेलो नाही. आज जाऊ, सुगीनंतर जाऊ, असं करत सात-आठ वर्षं गेली.

मग एकदा खोडाळ्याच्या बाजारात तो भेटला. पायाने आणखी लंगडा, केस पांढरे. मला बघून त्याला इतका आनंद झाला, की त्याने खांद्यावरचं ओझं तिथेच खाली टाकलं. बायको कशी आहे विचारलं, तर म्हणाला, गेली, गेल्या पावसाळ्यात. फणफणून ताप आला आणि तीन दिवसांत आटोपलं.

"मोठी कामाची होती रावसाहेब," तो म्हणाला. "जन्मात एकदाच खोटं बोलली, तुझ्या वाफ्याच्या टायमाला. मी कवाच माफ केलं तिला."

बाजार भरलेला होता. त्याचा हात माझ्या हातात होता. तुझी बायको खरं बोलत होती, एवढेच पाच शब्द सांगायचे होते, आणि ते सांगून आता माझं काहीच बिघडणार नव्हतं.

मी त्याला विचारलं, यंदा नागली कशी काय आहे.